काउंटरच्या आतला कॉम्प्युटर

मागच्या आठवड्यात पुन्हा फोन आला. ग्रंथालयांचं कसलंसं शिबिर आहे, आणि त्यात ‘संगणक साक्षरतेत ग्रंथालयांचा वाटा’ या विषयावर मी अर्धा तास बोलावं असं त्यांना वाटतं. “मॅडम, तुमच्याकडे इतक्या लवकर कॉम्प्युटर आला होता, तुमचा अनुभव दांडगा.” मी घसा बसल्याचं सांगितलं. त्याआधी गुडघे सांगितले होते, त्याआधी पुतणीचं लग्न. अनुभव दांडगा आहे हे खरं. पण तो शिबिरात चहा-बिस्किटांच्या आधी सांगण्यासारखा नाही. म्हणून इथे लिहिते. इतकी वर्षं कोणालाच सांगितलेला नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

अठ्ठ्याण्णव साली मी रत्नागिरीतल्या त्या वाचनालयात नोकरीला लागले. आमच्याकडे सभासदाला पुस्तकांच्या कपाटांपर्यंत जाऊ देत नसत. मधे लांबलचक लाकडी काउंटर. सभासदाने बाहेर उभं राहून पुस्तकाचं नाव सांगायचं, आम्ही आत जाऊन ते काढून आणायचं. त्याने दोन पानं चाळून “हे नको, वाचलेलं वाटतंय” म्हटलं की पुन्हा आत. दिवसभरात या काउंटरपासून त्या कपाटांपर्यंत माझ्या इतक्या फेऱ्या व्हायच्या की संध्याकाळी पाय सुजायचे. लोकांना आत सोडलं तर काय बिघडेल, असं मी सुरुवातीला एकदा विचारलं होतं. कार्यवाह म्हणाले, “बाई, लोक पुस्तकं चाळतात आणि भलतीकडे ठेवतात. आत एकच हात हवा.” तो हात माझा. हळूहळू मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर आवडायला लागलं.

आणि मग कॉम्प्युटर आला. मुंबईत बस्तान बसलेल्या आमच्या एका गाववाल्याने तो वाचनालयाला भेट दिला. तो कुठे ठेवायचा यावर कार्यकारिणीची एक अख्खी सभा खर्ची पडली. वाचनकक्षात ठेवला तर पोरं त्याच्यावर खेळ खेळतील. पेपर वाचायला येणारे आजोबा त्याच्यावर छत्र्या ठेवतील. खिडकीजवळ खारा वारा, भिंतीला पावसाळ्यात ओल. शेवटी कार्यवाहांनी तोडगा काढला. कॉम्प्युटर काउंटरच्या आत ठेवायचा, पडद्याचं तोंड बाईंकडे. “सभासदाने बाहेरून मागणी सांगावी, बाई आतून काढून देतील. पुस्तकांसारखंच.” कोणी हसलं नाही. मीही नाही.

रीतसर पूजा झाली. नारळ फुटला. कोणीतरी भक्तिभावाने पडद्याच्या काचेवरच हळदकुंकू लावलं, ते मी पुढे कितीतरी दिवस ओल्या फडक्याने पुसत होते. दसऱ्याला कीबोर्डवर झेंडूची फुलं वाहिली आणि त्यांच्या पाकळ्या बटणांच्या खाली जाऊन बसल्या. एका बटणाने मग दिवाळीपर्यंत मान टाकली. त्याबद्दल बोलणी मात्र मी खाल्ली.

मला एका क्लासला पाठवून शिकवून आणलं होतं. काउंटरच्या पलीकडे कोणालाच काही येत नव्हतं, म्हणून मला फार येत होतं. लोक रांगेत उभे राहायचे. “बाई, वाशीला आज हापूस काय भावाने गेला बघा हो.” “बाई, नातवाचा रिझल्ट.” “बाई, जावयाचं काही पत्र आलंय का त्या ईमेलात?” मी बघायची आणि मोठ्याने वाचून दाखवायची, कारण पडद्याचं तोंड माझ्याकडे. मग रांगेतला मागचा म्हणायचा, “जावई बदलीच्या खटपटीत दिसतायत, काय हो काका?” आणि काका कान लाल करून निघून जायचे. एकाचा मेल म्हणजे सगळ्यांचा मेल. वार्षिक सभेत अहवाल वाचला गेला, की वाचनालय शहरात संगणक साक्षरतेचं मोलाचं काम करत आहे. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकाही हाताने आमच्या कॉम्प्युटरचं एकही बटण कधी दाबलेलं नव्हतं. मी मात्र टाळ्यांच्या वेळी मान खाली घालून बसले, विनयाने.

त्या रांगेत वहिनी असायच्या. आमच्या कार्यकारिणीतल्या एका सदस्याला सगळे भाऊ म्हणत, त्यांच्या थोरल्या भावाची ही बायको. भाऊ त्यांना वहिनी म्हणायचे, म्हणून आम्हीही सगळे वहिनीच म्हणायचो. माहेर संगमेश्वरच्या बाजूचं. नवरा मस्कतला एका कंपनीत एसीच्या कामावर. इथे सासू, दीर, जाऊ, आंब्याची कलमं आणि एक शाळेत जाणारी मुलगी. कादंबऱ्या भराभर वाचायच्या. “लायब्ररीत जाऊन येते” एवढं म्हटलं की घरातून बाहेर पडायला दुसरं कारण लागायचं नाही. लायब्ररीत जाणाऱ्या बाईला कोणी नावं ठेवत नाही.

नवऱ्याला तिकडे ऑफिसात ईमेल मिळाल्याचं कळल्यावर वहिनी पत्ता घेऊन आल्या. त्यांनी सांगायचं, मी टाइप करायचं. टाइप करताना शब्द मोठ्याने म्हणायची मला सवय.

“लिहा, तब्येत बरी आहे. आईंचा गुडघा दुखतो. पोरीला गणितात चांगले मार्क पडले.”

“तब्येत... बरी... आहे,” मी म्हणत होते. “पुढे?”

वहिनींनी मागे वळून बघितलं. मागे दोघे-तिघे उभे होते.

“बस्स. एवढंच.”

“वहिनी, आमच्यासाठी मस्कतचे खजूर पाठवायला सांगा!” मागून आवाज आला.

आणि मी तेसुद्धा टाइप केलं. आज आठवलं की स्वतःचंच डोकं फोडून घ्यावंसं वाटतं. खजुराचंसुद्धा टाइप केलं!

असे बरेच मेल गेले. सगळ्यांत तब्येत बरी होती. मग एक दिवस काउंटरवर कोणी नाही असं बघून त्या हळूच म्हणाल्या, “ताई, मला शिकवाल? माझं मला टायपायला?”

“कशाला? मी करते की.”

“तसं नाय ओ.” थोडा वेळ त्या काउंटरच्या कडेवर बोट फिरवत राहिल्या. “ह्यांच्याशी एकटीने एक शब्द बोलून वर्षं झाली. शुक्रवारी फोन येतो, तेव्हा सगळे ओटीवर. आधी आई बोलतात, मग भावजी, मग जाऊबाई, मग पोरगी. माझी पाळी येते तेव्हा ‘बरे आहात ना, ठेवते.’ पत्र आलं तर ते आईंना मोठ्याने वाचून दाखवायचं, पद्धतच आहे. मी लिहिलेलं पत्रही पोस्टात टाकायच्या आधी त्यांना वाचून दाखवायचं.”

“मग?”

“मग काय. मला पोरीला घेऊन तिकडे जायचंय. नायतर ह्यांनी तरी परत यावं. दोन्हीतलं एक. पण ते ओटीवर कसं सांगणार? आईंना वाटेल मला टाकून चालली. ह्यांना माझ्या तोंडून कळू दे आधी, मग घरात काय व्हायचं ते होऊ दे.”

एवढं साधं होतं. कोणाशी भांडण नव्हतं, कोणाचा छळ नव्हता. बाईला आपल्या नवऱ्याला एक वाक्य एकटीने सांगायचं होतं.

दुपारी वाचनालय बंद असायचं, किल्ली माझ्याकडे असायची. बंद वेळात सभासदाला आत घेणं नियमाविरुद्ध, आणि काउंटरच्या आत घेणं तर त्याहून. तरी मी हो म्हटलं. त्या दिवशी मला माझं मोठं कौतुक वाटलं होतं.

ते कौतुक दोन दुपारींत संपलं. वहिनी माउस धरायच्या तो गरम तव्याला हात लागल्यासारखा, आणि बाण वर जायला हवा असला की माउसच टेबलावरून वर उचलायच्या. “वर नाही, पुढे सरकवा.” “पुढेच तर नेलंय!” “हवेत नेलंत.” कीबोर्डवर एकेक अक्षर शोधताना बडबड चालायची. “एच कुठे गेला मेला? आताच तर हितं होता. ही अक्षरं ओळीने का नाय लावली ताई? कोणी लावली असतील त्याला धरून आणायला हवा.” आधी मी हसायची. मग हसणं बंद झालं. घड्याळ दिसायचं, टेलिफोनचं बिल दिसायचं, कारण इंटरनेट फोनच्या लाइनवरून चालायचं आणि बिलाबद्दल कार्यवाह मला विचारायचे. त्यांचं बोट एका अक्षरावर घुटमळायला लागलं की माझा हात आपोआप पुढे व्हायचा. “सोडा, मी दाखवते.” दाखवते म्हणायची आणि सगळं करूनच टाकायची. त्यांच्या हातातून माउस मी इतक्या वेळा काढून घेतला असेल की शेवटी शेवटी माझा हात हलला की त्या स्वतःच सोडून द्यायच्या.

मी कधी वाकडा शब्द बोलले नाही. मी सुस्कारा टाकायची. वहिनी म्हणायच्या, “ताईंचा सुस्कारा आला, म्हणजे माझं काहीतरी चुकलं.” आणि हसायच्या. मी हसत नसे. मला राग यायचा की इतकं सोपं आहे आणि हिला येत नाही. मला ते शिकायला किती दिवस लागले होते, क्लासमधल्या मुलाने मला किती वेळा तेच तेच सांगितलं होतं, हे मी सोयीस्कर विसरले होते.

तरी त्या शिकल्या. एका दुपारी त्यांनी स्वतः मेल उघडला, स्वतः पत्ता टाकला, आणि इंग्रजी अक्षरांत आपलं मराठी लिहायला लागल्या. एकेक अक्षर शोधून दोन ओळी झाल्या. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते आणि पडद्याकडे बघत होते. त्या थांबल्या.

“ताई, जरा तिकडे बघता?”

मला हे लागलं. मी म्हटलं, “अहो, मला काय करायचंय तुमचं? मी फक्त चुकतंय का बघतेय.”

“तसं नाय...”

“लिहा, लिहा. मी काही वाचत नाही.”

आणि वाचत होते. उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले असते तर काय झालं असतं? कॉम्प्युटर पळून गेला असता? पण त्या पडद्यावर काय उमटतंय हे आपल्याला दिसलंच पाहिजे असं माझ्या हाडात भिनलं होतं. वहिनींनी थोडा वेळ वाट बघितली. मग त्यांनी एक बटण दाबून धरलं आणि त्या दोन ओळी मागे मागे जात पुसल्या गेल्या. त्या जागी त्यांनी लिहिलं, तब्येत बरी आहे. मेल पाठवला. “येते,” म्हणाल्या.

पुढच्या दुपारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. दुपारी पाय लांब करून बसता आलं. वर माझा थोडा अपमानही झाला होता, की एवढं फुकट शिकवलं आणि हिने साधं सांगितलंसुद्धा नाही.

कादंबऱ्या बदलायला संध्याकाळी यायच्या, पूर्वीसारख्याच. मेलचं मी विचारलं नाही, त्यांनी काढलं नाही. मग एकदा एसटी स्टँडजवळ मी त्यांना पाहिलं. तिथे पूर्वी फोनचा बूथ होता, त्याचं सायबर कॅफे झालं होतं. प्लायवुडचे आडोसे घालून लहान लहान खोकी केलेली, प्रत्येकाला कापडी पडदा. कॉलेजची पोरं तिथे काय करतात यावर गावात बरंच बोललं जायचं. वहिनी त्यातून बाहेर आल्या आणि भराभर रस्त्याला लागल्या. मी दुसरीकडे बघितलं. मनात आलं ते एवढंच, की आता पैसे देऊन शिकताहेत! पडदा कशासाठी हवा होता, हे माझ्या डोक्यात आलंच नाही असं मी म्हणणार नाही. आलं होतं. मी ते बाजूला सारलं.

नंतर एका संध्याकाळी भाऊ काउंटरवर आले. गर्दीची वेळ. कार्यवाह माझ्या मागेच टेबलाशी बसले होते.

“काय बाई, आमच्या वहिनींना कॉम्प्युटर शिकवलात म्हणे?”

मी समोरच्या सभासदाचं कार्ड शोधू लागले.

“अहो, दादाचा फोन आला. म्हणतो दोघींना इकडे घेऊन येतो, कागदपत्रांचं बघायला लागा. आम्हाला काही पत्ताच नाही! म्हणाला, तिने स्वतः मेल लिहून कळवलंय. घरी विचारलं तर वहिनी म्हणतात, लायब्ररीत शिकले, दुपारची लायब्ररीतूनच लिहिते.” भाऊ चिडलेले नव्हते. थोडे गोंधळलेले होते, आणि थोडे खूशही होते, हेच तर मला आजवर गिळवत नाही. “म्हटलं, आपल्या लायब्ररीने घरातल्या बाईमाणसाला इतकं तयार केलं असेल तर मीटिंगमध्ये सांगायला हवं.”

मागून कार्यवाहांची खुर्ची करकरली. “दुपारची? दुपारी वाचनालय बंद असतं.”

एक ‘हो’ पुरलं असतं. हो, दुपारी शिकवलं, इथेच शिकवलं. खरंच होतं ते. शिकल्या त्या इथेच. कार्यवाह बोलले असते, बोलू द्यायचं होतं. नोकरी काही गेली नसती. फार तर किल्ली काढून घेतली असती.

मी म्हटलं, “छे हो. दुपारी कुलूप असतं. आणि मी सभासदाचा हात कॉम्प्युटरला लागूच देत नाही.”

“बरोबर,” कार्यवाह म्हणाले.

“मग कुठून करतात त्या?” भाऊंनी विचारलं. मला नाही, असंच.

वाचनाच्या टेबलावरून कोणीतरी पेपर खाली न करता म्हणालं, “स्टँडजवळच्या त्या कॅफेत दिसल्या होत्या मला. दोनदा.”

भाऊंचा चेहरा बदलला. मी एका पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला, मग दुसऱ्यावर. शिक्के मारणं हे मला फार छान जमतं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, थोडं भाऊंच्या बोलण्यातून, थोडं शेजारच्या बायकांकडून. मस्कतला जायचं हा विषय बाजूलाच पडला. विषय झाला तो, वहिनी दुपारच्या कुठे जातात आणि खोटं का बोलतात. शुक्रवारी फोन आला तेव्हा तोच विषय ओटीवर सगळ्यांसमोर निघाला. नवरा तिकडून म्हणाला, “कॅफेत कशाला जायचं?” एवढंच म्हणाला म्हणे. ओटीवर त्यावर काय बोलणार? सासूबाईंचा गुडघा त्याच सुमारास जास्त झाला. कागदपत्रं राहिली ती राहिलीच. त्या वर्षी नाहीत, पुढच्या वर्षीही नाहीत. वहिनींकडची कादंबरी भाऊच परत घेऊन आले आणि त्यांचं सभासदत्व बंद केलं. बाईमाणसाला बाहेर पडायचं ते एक कारण होतं, तेही माझ्या एका वाक्याने गेलं.

आणि माझं काय झालं? कार्यकारिणीच्या सभेत माझ्या शिस्तीचं कौतुक झालं. “बाई आहेत म्हणून यंत्र टिकलंय.” चहाबरोबर मला दोन बटाटेवडे जास्त मिळाले. खाल्ले मी ते.

मी वहिनींच्या घरी जायला हवं होतं. गेले नाही. त्यांच्या आळीतून बाजारात जायचा रस्ता सोडला आणि लांबून जायला लागले. एकदा मात्र सभेत मी तोंड उघडलं. म्हटलं, कॉम्प्युटर बाहेर काढा. वाचनकक्षाच्या कोपऱ्यात ठेवा, बसणाऱ्याची पाठ भिंतीला लागेल असा, म्हणजे मागून कोणाला दिसणार नाही. कार्यवाह म्हणाले, “दिसायलाच हवं बाई! कोणी काही भलतं बघितलं म्हणजे?” मी म्हटलं, “बघू दे.” माझ्या तोंडून असलं काही निघेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. सगळे हसले. दर सभेला मी तेच म्हणत राहिले, दर सभेला ते हसत राहिले. शेवटी तो कॉम्प्युटर वाचनकक्षाच्या कोपऱ्यात आला तेव्हा वेगळंच झालं होतं. घराघरात मोबाइल आले होते, आणि बायका परसात पाण्याच्या टाकीमागे उभ्या राहून हव्या त्याच्याशी हवं ते बोलू लागल्या होत्या. वहिनींना ते चार वर्षं आधी मिळालं असतं तर, असा हिशेब मी करत बसायची. कशासाठी? ते मिळण्याची एक जागा होती, आणि त्या जागी मी बसले होते.

बऱ्याच वर्षांनी मच्छी मार्केटात हाक आली. “ताई!” पळून जाता आलं असतं तर गेले असते, पण खाली सगळं ओलं, दोन्ही बाजूंना टोपल्या. वहिनी होत्या. केस पांढरे झालेले. बरोबर पिशवी धरून एक गृहस्थ. नवरा कायमचा परत आला होता, मुलीचं लग्न झाल्यावर. म्हणजे सगळं उरकल्यावर.

“ह्या लायब्ररीतल्या ताई,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “ह्यांनीच मला कॉम्प्युटर शिकवला.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “लायब्ररीत?”

इतक्या वर्षांनीही तो प्रश्न तसाच होता. वहिनींनी माझ्याकडे बघितलंही नाही, त्या टोपलीतले बांगडे उलटेपालटे करत होत्या.

“हो,” मी म्हटलं. “आमच्याकडेच. दुपारी बंद असायचं तेव्हा. मी बोलवायची.”

“अस्सं,” ते म्हणाले. “तेव्हा घरात काहीतरी वेगळंच...” आणि थांबले.

“घेताय की नाय ते सांगा,” मासेवाली म्हणाली. “उगाच हाताळून मऊ करू नका.”

वहिनींनी घेतले. नवरा पिशवी घेऊन पुढे स्कूटरकडे गेला. त्या क्षणभर मागे राहिल्या, रुमालाला हात पुसत.

“तेव्हा म्हणायचं होतंत,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मी वाट बघितली ओ. मला वाटलं होतं तुम्ही येऊन सांगाल.”

स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला आणि त्या गेल्या.